शेजारच्या मुलखावर स्वारी आणि तिचे नियम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कमिटीने मला विषय दिला ‘श्रीवर्धनचा इतिहास’. वेळ दिली पाऊण तास. नंतर मुलांचे नाच आहेत आणि त्यानंतर जेवण, हे खजिनदारांनी दोनदा बजावले आहे. पाऊण तासात सगळा इतिहास सांगायचा म्हणजे नुसती सनावळी होईल. म्हणून मी त्यातला एकच तुकडा उचलणार आहे, आणि तो सुचवला या पुढे बसलेल्या मंडळींनी.

जिन्यात, गच्चीवर, पार्किंगमध्ये ही मुलं मोबाईलवर एक खेळ खेळत असतात. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ त्याचं नाव. मी तो त्यांच्याकडून समजून घेतला. आपलं एक गाव असतं. तटबंदी बांधायची, कोठारं भरायची, फौज उभी करायची आणि दुसऱ्याच्या गावावर स्वारी करून त्याची कोठारं लुटायची. मला वाटलं, बेबंद लूटमारच आहे ही. पण तसं नाही. त्यात नियम आहेत. समोरच्याच्या कोठारातला सगळा माल लुटता येत नाही, ठरावीक हिस्साच मिळतो. ज्याच्यावर मोठा हल्ला झाला त्याला काही तास ‘शील्ड’ मिळते, तेवढ्या वेळात त्याच्यावर दुसरा कोणी चालून येऊ शकत नाही. आणि आपण बलाढ्य असून दुबळ्या गावावर गेलो, तर लूट कमी मिळते.

मी विचारलं, हे नियम कशाला? एक मुलगी पटकन म्हणाली, “आजोबा, सगळंच लुटलं तर तो गेम डिलीट करून जाईल. मग लुटणार कोणाला?”

मंडळी, माझं अर्धं भाषण तिने तिथेच संपवलं. कारण तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखातल्या राजकारण्यांपुढेही हाच प्रश्न होता. तेव्हा जमीन मुबलक होती आणि कसणारे हात कमी होते. फौजेचा जाच फार झाला की कुळं रातोरात गाव सोडून जात. जमीन पडीक राहायची आणि पुढच्या वर्षी ना त्या गावाच्या धन्याला सारा, ना लुटायला येणाऱ्याला लूट. म्हणून स्वारी करणाऱ्यालाही नियम लागत. आणि त्या नियमांची सर्वांत मोठी लेखी मांडणी ज्याने केली, तो माणूस आपल्या श्रीवर्धनचा. बाळाजी विश्वनाथ भट. ज्यांच्या पुतळ्यावरून आपण रोज बाजाराला जातो, ते.

त्यांच्याकडे येतोच. पण आधी नियम बघू.

त्या काळात परमुलखात फौज नेऊन वसुली करण्याला ‘मुलूखगिरी’ म्हणत. पहिला नियम, केव्हा? दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज बाहेर पडायची आणि पावसाळ्याआधी परतून छावणीला यायची. आठ महिने बाहेर, चार महिने घरी. आपण दसऱ्याला सोनं वाटतो ना, त्यामागे हा हिशेब आहे. पावसात नद्या उतरता येत नाहीत हे झालं एक कारण. दुसरं असं, की फौजेतला शिपाई बहुतेक शेतकरीच, त्याला पेरणीला घरी यायचं असे. आणि ज्याच्या मुलखावर जायचं, त्यालाही त्या चार महिन्यांत पेरणी-लावणी करता येई. म्हणजे मुलांनो, पावसाळा ही सगळ्यांचीच शील्ड होती.

दुसरा नियम, कशाला हात लावायचा नाही? शिवाजी महाराजांच्या लष्कराचे नियम कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवले आहेत. राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला, ही बखर लिहिली गेली. त्यात म्हटलं आहे की लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी नसाव्यात. परमुलखात बायका-पोरांना धरू नये. गाईला हात लावू नये. बैल घ्यायचा तर ओझ्यासाठीच. हे आपल्या लोकांसाठी घातलेले नियम नाहीत, शत्रूच्या मुलखात गेल्यावरचे आहेत, हे लक्षात घ्या.

१६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली. ती मोठी आणि कडक लूट होती, त्याला गोड नाव द्यायचं कारण नाही. पण त्या गर्दीतही कॅपुचिन पंथाच्या फादर अँब्रोजचा मठ आणि दानधर्मासाठी प्रसिद्ध असलेल्या एका मृत दलालाचं घर सोडलं गेलं, असं बर्निये हा फ्रेंच प्रवासी लिहितो. म्हणजे कोणतं घर सोडायचं याचाही विचार होता.

आणि स्वतःच्या मुलखात तर नियम याहून कडक. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडे महाराजांच्या घोडदळाची छावणी पावसाळ्यासाठी पडली होती. तिथल्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आशय असा, की दाणा-वैरण आत्ताच उधळून टाकाल तर भर पावसात काही उरणार नाही. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कोणाचा दाणा आणाल, कोणाचा भाजीपाला. असं झालं तर लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. जे लागेल ते बाजारात जाऊन रोख पैसे देऊन आणा. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत त्या पत्रात लिहिलं आहे. राजा उंदराचा विचार करतो! आमच्या वॉचमनला मी हे पत्र वाचून दाखवणार आहे.

तिसरा नियम, हिशेब. मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळ काय चीजवस्तू आहे त्याची यादी व्हायची. परत आल्यावर झाडा घेतला जायचा. जास्त काही सापडलं तर ते सरकारजमा, नाहीतर पगारातून वजा. सोनं, नाणं, जवाहीर, कापड हे शिपायाचं नव्हे, सरकारचं. शिपायाला त्याचा ठरलेला पगार मिळेल. लूट आणि वसुली यांत पहिला फरक पडतो तो इथे. लुटारूची लूट त्याच्या खिशात जाते. वसुली वहीत चढते.

चौथा नियम, किती? इथे ‘चौथाई’ हा शब्द येतो. सगळ्यांनी ऐकलेला आहे. शाळेच्या पुस्तकात चौथाई आणि सरदेशमुखी अशी जोडी असायची आणि परीक्षेत फरक लिहा म्हणून यायची. मराठी राज्याने ती गाजवली हे खरं, पण चौथाईची रीत तिच्याही आधीची. दमणच्या पोर्तुगीजांच्या शेजारी रामनगरचं छोटं राज्य होतं, आजच्या गुजरातमधल्या धरमपूरच्या बाजूला. तिथला राजा आपल्या डोंगरातून खाली उतरून दमणच्या गावांना उपद्रव देऊ शकत असे. तो त्याने देऊ नये म्हणून पोर्तुगीज त्याला त्या गावांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा देत. त्याला नावच पडलं ‘चौथिया’. १६७२ मध्ये महाराजांच्या फौजेने रामनगर घेतलं आणि पोर्तुगीजांना कळवलं, आता ती चौथाई आमच्याकडे द्या.

त्याच वर्षी सुरतकरांकडेही मागणी गेली. तिचा अर्थ असा होता, की तुमच्या बादशहामुळे मला माझ्या रयतेच्या रक्षणासाठी फौज ठेवणं भाग पडतं, तेव्हा त्या फौजेचा खर्च त्याच्या रयतेने द्यावा. पटो न पटो, ही नुसती दमदाटी नाही. त्यात कारण दिलेलं आहे. आणि आकडा आहे.

चौथाई म्हणजे त्या मुलखाच्या साऱ्याचे शेकडा २५. सरदेशमुखी म्हणजे शेकडा १०, हा छत्रपतींचा दख्खनच्या सरदेशमुख वतनाचा हक्क म्हणून. ढोबळ हिशेब करू. एखाद्या परगण्याचा सारा १००० रुपये धरला, तर चौथाई २५० आणि सरदेशमुखी १००. उरलेले ६५० ज्याचे त्याला. आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली आणि चौथाईही २५ टक्के, हा योगायोग खजिनदारांनी मनावर घेऊ नये ही विनंती!

आता पाचवा नियम, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. बदल्यात काय? खंडणी आणि चौथाई यांतला खरा फरक हा आहे. खंडणी म्हणजे एकदा आले, घेऊन गेले. पुढच्या वर्षी पुन्हा येणार नाहीत याची हमी नाही, आणि दुसरा कोणी येणार नाही याची तर नाहीच. चौथाई दिली की ‘कौल’ मिळायचा. छपरावरचं कौल नव्हे आणि देवाला लावतात तोही नव्हे. कौल म्हणजे अभयाचा लेखी कागद. या गावाने हक्क चुकता केला आहे, याला आमच्या फौजेने उपद्रव देऊ नये. ज्याने चौथाई घेतली त्याने स्वतः तर लुटायचं नाहीच, आणि दुसरा कोणी लुटायला आला तर त्याला आवरायचं. पैसे घेतले की जबाबदारीही घेतली.

आता आपले बाळाजीपंत. भट घराणं हे दंडाराजपुरी आणि श्रीवर्धनचे देशमुख. म्हणजे या किनाऱ्याचा सारा कसा बसतो, कोण देतो, कोण बुडवतो, कोणाच्या वाडीत यंदा किती सुपारी धरली, हे पिढ्यान्‌पिढ्या बघितलेलं घर. अंमल जंजिऱ्याच्या सिद्दीचा. एकीकडे सिद्दी, दुसरीकडे आंग्रे, मध्ये आपला किनारा. दोघांच्या स्वाऱ्यांच्या वाटेवरचा मुलूख. या धुमश्चक्रीत सिद्दीची भटांवर वक्रदृष्टी झाली आणि बाळाजीपंतांना घरदार, वतन, वाड्या सोडून निघावं लागलं. बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासचे भानू, म्हणजे पुढच्या नाना फडणवीसांचे पूर्वज, त्यांच्याबरोबर ते वर घाटावर गेले.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. ज्या माणसाने पुढे चौथाईची घडी बसवली, तो स्वतः शेजाऱ्याच्या जाचाने गाव सोडून गेलेला होता. मघाची आपली मुलगी म्हणाली ना, तो गेम डिलीट करून जाईल? बाळाजीपंत असेच गेले. आणि सिद्दीने काय गमावलं ते पुढच्या पन्नास वर्षांनी दाखवलं.

१७१३ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिलं. १७१८ मध्ये सय्यद हुसेन अलीशी करार झाला आणि बाळाजीपंत फौज घेऊन त्याच्याबरोबर दिल्लीला गेले. फर्रुखसियर बादशहा करार मान्य करीना. दिल्लीत मोठी उलथापालथ झाली, फर्रुखसियर तख्तावरून गेला आणि १७१९ च्या मार्चमध्ये नव्या बादशहाकडून सनदा मिळाल्या. स्वराज्याची सनद, आणि दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा. औरंगाबाद, वऱ्हाड, बेदर, विजापूर, हैदराबाद आणि खानदेश हे ते सहा सुभे. दिल्लीच्या कैदेत इतकी वर्षं असलेल्या येसूबाई याच वेळी सुटून आल्या.

पण त्या करारातली आपली बाजू फारशी कोणी सांगत नाही. चौथाईच्या बदल्यात १५,००० घोडदळ बादशहाच्या चाकरीला तयार ठेवायचं. सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखात चोर-लुटारूंचा बंदोबस्त करायचा. शिवाय दरसाल १० लाख रुपये पेशकश भरायची. म्हणजे मी मघा पाचवा नियम म्हणालो तो इथे काळ्यावर पांढरा झाला. घेणार इतकं, देणार हे.

मग घरात वाटणी कशी? तीही ठरवून दिली होती. चौथाईचे शेकडा २५ ‘राजबाबती’ म्हणून छत्रपतींकडे. शेकडा ६ ‘सहोत्रा’ पंतसचिवांना. शेकडा ३ ‘नाडगौडा’, तो छत्रपतींच्या मर्जीने द्यायचा. उरलेले शेकडा ६६ ‘मोकासा’ म्हणून सरदारांना, फौज बाळगण्यासाठी. आपल्या मघाच्या २५० रुपयांचे साडेबासष्ट, पंधरा, साडेसात आणि एकशे पासष्ट. बेरीज करून बघा, बरोबर येते. शिवाय एका सरदाराचे हक्क एकाच सलग पट्ट्यात न देता वेगवेगळ्या परगण्यांत विखरून दिले, म्हणजे कोणी एकटा डोईजड होऊ नये आणि प्रत्येकाचं लक्ष दुसऱ्याच्या वहीवर राहावं. देशमुखाच्या घरात वाढलेल्या माणसाचं डोकं आहे हे.

नियम केले की पळवाटा शोधणारेही आलेच. निजामाने एक मोठी नामी पळवाट काढली. तो म्हणाला, चौथाई द्यायला माझी ना नाही, पण द्यायची कोणाला? साताऱ्याचे शाहू महाराज एक, कोल्हापूरचे संभाजी महाराज दुसरे. तुमचा आपसातला वाद मिटवा, तोवर रक्कम माझ्याकडे राहील. सोसायटीच्या राजकारणात ज्यांनी थोडाफार भाग घेतला आहे त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. “कमिटी कायदेशीर आहे की नाही ते आधी ठरू द्या, मग मेंटेनन्स भरतो.” बाजीरावाने या युक्तिवादाला उत्तर दिलं ते फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला. पाणी तोडून, रसद तोडून निजामाला कोंडलं, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहात चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्याच्याकडून कबूल करून घेतला. आपल्याला एवढं करायची गरज नाही. आपल्याकडे उपनिबंधक आहेत.

समुद्राचंही थोडं सांगतो, कारण आपण किनाऱ्यावरची माणसं. समुद्रावरची चौथाई म्हणजे ‘दस्तक’. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात सुरू केलं की या समुद्रात जहाज चालवायचं तर आमचा परवाना घ्या, त्याला ते ‘कार्ताझ’ म्हणत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तेच म्हटलं, हा आमचा समुद्र, आमचं दस्तक घ्या. दस्तक असलेल्या गलबताला अभय, नसेल त्याला पकडायचं. इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवलं. पण परवाना, त्याची रक्कम आणि त्याच्या बदल्यात अभय या तिन्ही गोष्टी जिथे आहेत, त्याला चाचेगिरी म्हणायचं असेल तर पोर्तुगीजांनाही तेच म्हणावं लागेल.

आता इथपर्यंत सगळ्यांना छान वाटलं असेल. आपल्या गावचा माणूस, दिल्लीच्या सनदा, आपण टाळ्याही वाजवल्या. पण पुढचं सांगितलं नाही तर मुलांशी अप्रामाणिकपणा होईल.

बंगालमध्ये आई लहान मुलाला झोपवते तेव्हा गाण्यात ‘बर्गी’ येतात. बर्गी म्हणजे बारगीर, सरकारी घोड्यावरचा मराठी शिपाई. आपल्याकडे बागुलबुवा, तसे त्यांच्याकडे बर्गी. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरले. मागणी चौथाईचीच. पण तिथे वर सांगितलेला एकेक नियम मोडत गेला. गावं जाळली, बायकांवर अत्याचार झाले, माणसं गंगेपलीकडे पळाली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात हे लिहून ठेवलं आहे. कलकत्त्याच्या लोकांनी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याला ‘मराठा डिच’ म्हणत.

त्यातली १७४३ ची गोष्ट मला सर्वांत बोचते. बंगालच्या अलीवर्दीखानाने त्या वर्षी नानासाहेब पेशव्यांशी करार केला. शाहू महाराजांना बंगालची चौथाई द्यायची, पेशव्यांच्या फौजेच्या खर्चाला २२ लाख द्यायचे, आणि पेशव्यांनी रघूजींना बंगालबाहेर काढायचं. नानासाहेबांनी काढलंही. इथवर पाचवा नियम पाळला गेला. पण त्याच वर्षी साताऱ्याला पेशवे आणि रघूजी यांच्यात समेट झाला आणि बंगाल रघूजींच्या वाट्याला गेला. १७४४ मध्ये भास्करपंत पुन्हा बंगालमध्ये हजर! अलीवर्दीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. चौथाई कबूल केली, फौजेचा खर्च सोसला, कौल घेतला, आणि तेच लोक पुन्हा दारात. त्याने वाटाघाटीला म्हणून भास्करपंतांना बोलावलं आणि मानकऱ्याच्या छावणीत त्यांना त्यांच्या सरदारांसह ठार मारलं. दगाच तो. पण त्याआधी कौल कोणी मोडला होता? पुढे आणखी सात वर्षं जाळपोळ चालली. १७५१ मध्ये तह झाला, दरसाल १२ लाख चौथाई ठरली, ओडिशा मराठ्यांकडे आलं आणि सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही असं ठरलं. त्यानंतर बंगालमध्ये शांतता झाली. म्हणजे नियम पाळून जे मिळालं ते पहिल्याच दिवशी मिळण्यासारखं होतं. मधली नऊ वर्षं मात्र अंगाईत जाऊन बसली, ती अजून उठलेली नाहीत.

नानासाहेब हे बाळाजी विश्वनाथांचे नातू. आजोबा शेजाऱ्याच्या जाचाने श्रीवर्धन सोडून गेले, आणि नातवाच्या कारकिर्दीत बंगालमधल्या किती बाळाजींनी आपली घरं सोडली असतील? पुढे तर फौजेमागून बिनपगारी पेंढारी चालू लागले. त्यांना ना यादी, ना झाडा. १७९१ मध्ये टिपूवरच्या मोहिमेत आपल्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचा मठ! मुळात कशाला हात लावायचा नाही हे ज्यांनी ठरवून दिलं होतं, त्यांच्याच राज्यात.

यावरून कोणाला कमीपणा वाटायला नको आणि कोणावर बोट दाखवायलाही नको. या सभागृहात सिद्दीच्या पदरी असलेल्यांचे वंशज असतील, आंग्र्यांच्या गलबतावरचे असतील, देशमुखांची कुळं असतील. आपलं श्रीवर्धन तर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानातच होतं. आपल्यातल्या ज्येष्ठांच्या घरी नवाबाच्या वेळच्या साऱ्याच्या पावत्या ट्रंकेत निघतील. आपण सगळे एकाच वेळी लुटलेल्यांचेही नातू आहोत आणि लुटणाऱ्यांचेही. म्हणून आपल्याला नियमाची किंमत जास्त कळायला हवी.

मला यातून जे दिसलं ते एवढंच. लूट आणि वसुली यांतला फरक तलवारीत नसतो. तलवार दोन्हीकडे असते. फरक असतो तो घेणाऱ्याने घेतल्यानंतर काय केलं यात. आकडा ठरलेला होता का, वहीत चढला का, पावती दिली का, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याच्यावर संकट आलं तेव्हा घेणारा उभा राहिला का.

आता आपल्या घरात या. आपणही दरमहा मेंटेनन्स घेतो. न भरणाऱ्याला थकबाकीवर व्याज लावतो, उपविधींत ठरलेल्या मर्यादेपर्यंतच ते लावता येतं. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क लावतो, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. बघा, आपली सरदेशमुखीही नेमकी १० टक्केच आहे! सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल पाव टक्का बाजूला काढतो. हे सगळे आकडे ठरलेले आहेत, हे आपलं सुदैव. चौथा नियम कायद्याने पाळला जातो.

पाचव्याची परीक्षा झाली ती ३ जून २०२० ला. निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. आसपासच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक दिवस गावात वीज नव्हती. आपल्या गच्चीवरचे पत्रे गेले, पाण्याची टाकी सरकली. लॉकडाऊनमुळे निम्मे फ्लॅट बंद होते, मालक मुंबईत अडकलेले. तेव्हा कमिटीने फंडातून पत्रे बसवले, जनरेटर आणून पंप चालवला, आणि बंद असलेल्या फ्लॅटमध्ये शिरलेलं पाणीही शेजाऱ्यांनी उपसलं. जे हजर नव्हते त्यांच्यासाठीही केलं, कारण त्यांनी वर्षानुवर्षं वर्गणी भरलेली होती. कौल दिला होता, तो पाळला. २५ वर्षांत आपण रंग किती वेळा काढला आणि लिफ्ट कोणती बसवली यापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

आणि त्याचबरोबर भरणाऱ्यांनाही सांगतो. निजामाचा युक्तिवाद करू नका. कमिटीशी भांडा, सर्वसाधारण सभेत हिशेब मागा, एकेक व्हाउचर बघा, तो तुमचा हक्क आहे. पण वाद आहे म्हणून वर्गणी अडवून धरलीत, तर वादळ येईल त्या दिवशी पत्रे कशातून आणायचे?

बाळगोपाळांनो, तुम्ही तुमचा खेळ खुशाल खेळा, आई-बाबांनी दिलेल्या वेळेपुरता. पण पुढच्या वेळी कोणाचं कोठार लुटलंत की त्याला जी शील्ड मिळते, तिच्याकडे नीट बघा. तुमच्या खेळात ती आपोआप मिळते. खऱ्या जगात ती कोणालातरी लिहून द्यावी लागते, सही करावी लागते, आणि दिल्यावर पाळावी लागते. येत्या रविवारी सकाळी ज्यांना यायचं असेल त्यांनी माझ्याबरोबर बाळाजीपंतांच्या पुतळ्यापाशी या. दिल्लीच्या सनदांची गोष्ट तिथे पुन्हा सविस्तर सांगेन, आणि बंगालचीही. एक सांगून दुसरी गाळणार नाही.

खजिनदार घड्याळ दाखवत आहेत. आपल्या सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाचं व्याख्यान पुढच्या सतरंजीवर बसलेल्यांपैकी कोणीतरी द्यावं, आणि त्या दिवशीही खजिनदाराने हिशेबाची वही उघडी ठेवलेली असावी, एवढी इच्छा व्यक्त करून थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.